नऊ घासांपुरतं दार

"जो आपल्या पितरांना वेळेवर जेवू घालतो, त्याच्या घरात कुणीही उपाशी राहत नाही. संस्कृती म्हणजे दुसरं काय असतं?"

हे वाक्य आमच्या दादांचं. आईच्या श्राद्धाच्या दिवशी सकाळी ते दर वर्षी हे वाक्य उच्चारतात आणि उच्चारताना उजवा हात वर करतात. या वर्षी उजव्या हातात मासा होता. नैवेद्याच्या माशाचं डोकं पूर्वेला ठेवायचं हे दादांना पाठ होतं. पूर्व कुठे आहे हे पाठ नव्हतं. डाव्या हातातल्या मोबाइलवर होकायंत्र उघडलेलं होतं, आणि मोबाइल म्हणत होता की दिशा हवी असेल तर आठच्या आकड्यासारखं हवेत फिरवा. दादा मासा फिरवत होते.

आणि पलीकडच्या स्वयंपाकघरात त्यांची एकुलती एक मुलगी दानबी सकाळपासून उपाशी होती.

माझे दादा, म्हणजे थोरले भाऊ प्यो ग्यूसोप, आमच्या घराण्यातल्या थोरल्या शाखेचे थोरले. देगूच्या एका शाळेतून उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. शाळेने त्यांना सोडलं, त्यांनी शाळेला सोडलेलं नाही. त्यांना मूल झालं ते चाळिशीत, तेही एकच, तेही मुलगी. सव्वीस पिढ्यांच्या वंशावळीत पुढची जागा कोरी. दादांनी कधी तक्रार केली नाही. तान्ह्या मुलीकडे बघून ते एवढंच म्हणाले, "ही एकटी दहा मुलांच्या बरोबरीची होईल." तेव्हापासून बिचारी दहा जणांचं काम करत आली: दहा जणांचे गुण मिळवायचे, दहा जणांचे नमस्कार करायचे, शेवटी सोलच्या कॉलेजात औषधशास्त्राला दहा जणांमधून एकटीने जागा पटकावायची.

आमच्या घराण्यात प्रेम करण्याचे दोनच प्रकार चालतात. एक, "जेवलीस का?" दोन, "जरा जास्तच जेवलीस वाटतं." दोन्ही बहुधा एकाच तोंडातून निघतात, आणि ते तोंड माझ्या बहिणीचं असतं. बहिणीचं नाव मालसून. आमच्याकडे मुली पुरे झाल्या की शेवटचीला हे नाव ठेवतात. ती आमच्या घरातली पहिलीच मुलगी; वडिलांनी धोका पत्करला नाही.

दीड वर्षापूर्वी शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला दानबी सोलहून आली, तेव्हा मालसूनने तिची हनुवटी धरून सगळ्यांना दाखवली. "बघा, आमच्याकडे पौर्णिमा दोन दिवस आधीच उगवली." मी शेजारीच बसलो होतो. मी म्हणालो, "सोलमध्ये भात फुकट मिळतो वाटतं." सगळे हसले. दानबीही हसली. लोकांना हसवण्याच्या नोकरीवर मी पेन्शन मिळवलेली. कोण कसं हसतंय एवढं तरी मला कळायला हवं होतं. नाही कळलं. मी ताटातला आणखी एक तळलेला पोळा घेतला.

पुढच्या सणाला गाल नव्हते. मालसूनने आधी शाबासकी दिली आणि अर्ध्या तासाने रागावली, दोन्ही एकाच कारणासाठी. त्यानंतरच्या हिवाळ्यात कॉलेजातून फोन आला की मुलगी प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली, कुणीतरी न्यायला या.

डॉक्टरीणबाईंनी आम्हां सगळ्यांना समोर बसवून सांगितलं की हा आजार आहे, हट्ट नव्हे, आणि तो कुणा एकामुळे होत नाही. हे ऐकून मालसूनची फार निराशा झाली, कारण दोष कुणाचा ते तिने टॅक्सीतच ठरवून आणलं होतं. मला मात्र त्या वाक्याने जेवढं हलकं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. मग बाई म्हणाल्या, "ती जेवताना तिच्या ताटाकडे बघू नका. तोंडाकडे बघू नका. जेवली, नाही जेवली, बारीक, जाड, काही बोलू नका." दादांनी वहीत लिहून घेतलं. बाईंनी दानबीलाही समोरच सांगितलं: येत्या सोमवारी पुन्हा तपासणी. तोवर घरी तीन वेळा थोडं थोडं जेवण होऊ लागलं तर मार्चमध्ये कॉलेज. नाहीतर हॉस्पिटलात भरती, आणि कॉलेज पुढच्या वर्षी.

दानबीने खोलीच्या भिंतीवर जानेवारीतच मार्चचं पान लावून ठेवलं होतं.

घरी आल्यावर दादांनी शाई उगाळली. मोठा कुंचला काढला आणि लांब कागदावर सुंदर, पल्लेदार अक्षरात लिहिलं: "पाहू नये. बोलू नये." मग तो कागद त्यांनी जेवणाच्या टेबलासमोर, बरोबर दानबीच्या खुर्चीपुढे टांगला. आता तिने घास घेण्यासाठी मान वर केली की समोर तिचा आजार सुवाच्य अक्षरात.

मी पुसानहून श्राद्धासाठी आठवडाभर आधीच येऊन राहिलो होतो, त्यामुळे ते जेवणाचे प्रसंग मी भोगले आहेत. जेवणाविषयी बोलायचं नाही म्हटल्यावर आमच्या घरात बोलायला हवामान तेवढं उरलं.

"उद्या ढग येतील," दादा म्हणायचे.

"आले तर येऊ देत," वहिनी म्हणायच्या.

मग दानबी चमचा उचलायची. त्याबरोबर बाकीचे तीन चमचे थांबायचे आणि आम्ही तिघंही एकदम छताकडे बघायला लागायचो. छताला ओलीचा एक डाग होता. त्याचा नकाशा मी आजही काढून देईन.

"छतावर काय आहे?" तिने एकदा विचारलं.

"काही नाही," आम्ही तिघंही म्हणालो, एका सुरात, शाळेतल्यासारखे.

तिने चमचा खाली ठेवला. घरात एकाने चमचा उचलला की तिघांनी श्वास रोखायचा, याला जेवण म्हणत नाहीत, शस्त्रक्रिया म्हणतात. आणि तिथे तर रुग्ण जागा होता.

श्राद्ध शनिवारी होतं, म्हणजे तपासणीला दोन दिवस उरलेले. सकाळी मालसून नाशपातींची पेटी घेऊन दारात उभी राहिली. तिला फोनवर नियम पुन्हा समजावले होते.

"जेवलीस का गं," ती आत येता येता म्हणाली. "नाही, मी काही विचारलं नाही. मी बघतसुद्धा नाहीये तुझ्याकडे. अगं बाई, किती वाळलीस."

"आत्या, नाशपाती द्या, जड असतील," दानबी म्हणाली आणि पेटी घेऊन गेली.

"मी काय बोलले?" मालसूनने मला विचारलं.

"फारसं काही नाही," मी म्हणालो. "तीन नियम होते, तीन मोडलेस."

दानबी सकाळपासून तव्यापुढे बसली होती. भोपळ्याचे, माशाचे, टोफूचे पोळे ती असे तळत होती की एकाची कड दुसऱ्यापेक्षा तपकिरी नाही. तिने स्वतः त्यातला तुकडाही मोडला नव्हता. मला आवडते म्हणून करपलेली कड मात्र वेगळी काढून ठेवली होती. ज्याला स्वतःला जेवता येत नाही त्याला दुसऱ्याची आवड इतकी पक्की लक्षात राहते, हे मला त्या आठवड्यात कळलं.

आमच्याकडे श्राद्धाचा स्वयंपाक बायका करतात आणि पुरुष चेस्टनट सोलतात. पाच हजार वर्षांत पुरुषांच्या वाट्याला आलेलं हे एकमेव काम, आणि तेही आम्हाला नीट जमत नाही. दुपारी मी सोलत बसलो असता दानबी येऊन शेजारी बसली आणि दुसरी सुरी घेतली.

"काका, तुम्ही सोलता की कोरीव काम करता? एवढासा उरलाय."

"आजीचे दात गेले होते. बारीक बरा."

तिने सालीची लांब पट्टी न तोडता उतरवली. मग म्हणाली, "एक विचारू? आपण आजीचं ताट मांडतो, भातात चमचा उभा करतो, आणि मग सगळे दार लावून बाहेर जातो. ते का?"

"पद्धत आहे. नऊ घास होईपर्यंत बाहेर थांबायचं. मग थोरल्याने तीनदा खोकायचं आणि दार उघडायचं."

"पण का?"

"पितर लाजतात म्हणे. कुणी बघत असलं की त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही."

सोललेला चेस्टनट दानबीने पाण्यात टाकला, दुसरा घेतला.

"आणि खोकायचं का?"

"आम्ही येतोय, आवरून घे, एवढं कळावं म्हणून. एकदम आत शिरणं बरं दिसत नाही."

"आणि नंतर कुणी विचारत नाही तिला? किती खाल्लंस, का नाही खाल्लंस?"

"आजपर्यंत नाही. ताट जसंच्या तसं असतं, तरी दादा म्हणतात, आई पोटभर जेवली."

"हं," दानबी म्हणाली. "आजीचं बरं आहे."

पुढचे चार चेस्टनट मी काय सोलले मला माहीत नाही. वहिनींनी नंतर ते फेकून दिले.

श्राद्ध पूर्वी मध्यरात्री व्हायचं; आता संध्याकाळी सातला होतं, कारण मालसूनच्या नवऱ्याला दुकान बंद करून येता येत नाही आणि मालसूनला नवरा सोडून राहता येत नाही, असं ती नऊ वाजता निघताना सांगते. हॉलमध्ये घडीचा पडदा उभा केला, त्यापुढे ठेंगणं मेज, मेजावर पाच रांगांत नैवेद्य. मासा अखेर पूर्वेला वळला. म्हणजे दादांनी पडदा जिकडे आहे ती उत्तर असं जाहीर केलं आणि होकायंत्राला माफ केलं. मिरची नाही, लसूण नाही, लाल काही नाही. पितरांना तिखट चालत नाही. आई हयात असताना हिरवी मिरची कच्ची खायची, पण मेल्यावर माणसाच्या आवडीनिवडी घराणं ठरवतं.

फ्लॅटचं पुढचं दार बुटाची टाच अडकवून उघडं ठेवलं होतं. आईला कुलपाचा कोड माहीत नाही.

दादांनी उदबत्ती लावली, मद्य ओतलं, आम्ही कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार केले. दादांचे गुडघे तिसऱ्या नमस्काराला असे वाजले की मालसून दचकली. मग दादांनी भाताच्या वाडग्यात चमचा उभा रोवला आणि मान हलवली. नऊ घासांची वेळ झाली होती.

आमच्या आजोबांच्या घरी या वेळी दार लावून ओसरीवर जायचे. अकराव्या मजल्यावर ओसरी नाही, काचेच्या दारामागे बाल्कनी आहे. त्यामुळे दर वर्षी आम्ही सूट-टाय घालून, अदबीने, वाळत घातलेल्या चड्ड्यांमध्ये जाऊन उभे राहतो. दादा आधी गेले. गुडघ्यांमुळे त्यांना उभं राहवत नाही. ते बाल्कनीतल्या किमचीच्या, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याच्या, फ्रिजवर बसतात. पेटीसारखा फ्रिज, वरून झाकण. गेली अकरा वर्षं श्राद्धाला तेच त्यांचं सिंहासन. मागोमाग वहिनी गेल्या, मालसून गेली. मी शेवटचा.

मी वळून पाहिलं तर दानबी जागची हलली नव्हती. मेजाच्या कडेला, आजीच्या ताटाशेजारी गुडघे दुमडून बसली होती. पुढ्यात एक वाटी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. विनोद करायला जागा होती. तशी ती नेहमीच असते. मी काचेचं दार सरकवलं आणि बाल्कनीच्या बाजूचा पडदा ओढून घेतला. वाटी भरलेली होती की रिकामी, ते मी पाहिलं नाही.

बाहेर जानेवारीची थंडी होती. दादांनी डोकी मोजली. माजी उपमुख्याध्यापकाला ती सवय सुटत नाही.

"एक कमी आहे."

"आत आहे," मी म्हणालो.

"आत कशी? आई जेवत्येय."

"हो. दोघी आहेत."

दादांना कळायला थोडा वेळ लागला. आमच्या घराण्यात पितरांच्या बरोबरीने पंगतीला बसणं ही गोष्ट अजून घडलेलीच नव्हती, त्यामुळे तिला काय म्हणायचं तेही ठरलेलं नव्हतं. त्यांचा चेहरा लाल झाला. ते उठणार इतक्यात आतून आवाज आला. अगदी लहान आवाज. चमचा वाडग्याच्या कडेला लागल्याचा.

आईचा चमचा आम्ही चांदीचा ठेवतो. हा आवाज स्टीलचा होता.

दादा परत बसले.

"मी जरा फटीतून," मालसून कुजबुजली.

वहिनी पडद्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. वहिनी लग्न होऊन आल्यापासून श्राद्धात एक अक्षर बोललेल्या नव्हत्या. सुनांनी बोलायचं नसतं. त्या म्हणाल्या, "कुणी बघणार नाही."

"अहो, मी फक्त—"

"मालसून, भिंतीकडे तोंड कर."

आणि मालसूनने केलं. आम्ही सगळ्यांनीच केलं. समोरच्या इमारतीत कुणी बघत असेल तर त्याला दिसलं असेल की चार म्हातारी माणसं सणाच्या कपड्यांत, शिक्षा झाल्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी आहेत. म्हणजे तीन उभी, एक बसलेलं.

आत पुन्हा चमचा वाजला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा.

"नऊ घास झाले असतील," मालसून म्हणाली. तिच्या मोज्यांत थंडी गेली होती.

पद्धतीप्रमाणे दादांनी आता तीनदा खोकायचं होतं. गंमत अशी की त्यांना खरोखरच खोकला येत होता. उदबत्तीचा धूर घशात, वरून गार वारा. डोळ्यांत पाणी आलं, मान फुगली, तरी ते तोंडावर रुमाल दाबून बसले. मी आयुष्यात दादांना पुष्कळ गोष्टींचा त्याग करताना पाहिलं आहे, बहुतेक वेळा इतरांच्या गोष्टींचा. हा पहिला त्यांचा स्वतःचा.

"दादा," मी हळूच म्हणालो, "वेळ होतोय."

ते रुमालातून म्हणाले, "आई हळू जेवायची."

मालसूनने भिंतीकडेच बघत विचारलं, "हळू जेवायची? तुम्ही पाहिलंय?"

दादा विचारात पडले. मीही आठवून पाहिलं. आई वाढताना आठवली, उष्टी ताटं उचलताना आठवली, स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरी, उभ्याने, पातेल्यातून काहीतरी तोंडात टाकताना आठवली. ताट पुढ्यात घेऊन बसलेली आई आम्हां तिघांतल्या एकानेही पाहिलेली नव्हती. ती हळू जेवायची की भराभर, तिला काय आवडायचं, पोट भरायचं की नाही, काही माहीत नव्हतं. मिरचीचं तेवढं माहीत होतं, कारण त्यावरून वडील तिची चेष्टा करायचे. आम्ही हसायचो. तीही हसायची.

"नाही पाहिलं," दादा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तर मग घाई कशाला."

एका वाटीने कुणी बरं होत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. सोमवार सोमवारच्या जागी होता आणि मार्च भिंतीवर. पण त्या बाल्कनीत दादांनी खिशातून वही काढली, आमच्या देखत "तीन वेळा" या शब्दांखाली रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: दार लावून. माझ्याकडे बघून म्हणाले, "तो कागद उद्या काढ भिंतीवरचा."

"अक्षर चांगलं आलंय," मी म्हणालो.

"तरी काढ."

एवढं बोलण्यात रुमाल बाजूला झाला आणि व्हायचं ते झालं. दादा खोकले. एकदा, दोनदा, तीनदा, आणि पद्धतीच्या बाहेर आणखी सहा-सात वेळा. खोकला थांबला तेव्हा आत सगळं शांत होतं. मालसूनने डोळे मिटून घेतले. वहिनींचा हात पडद्यावर होता, पण त्यांनी तो ओढला नाही.

"बाबा," आतून दानबीचा आवाज आला. "एवढ्यात येऊ नका."

"नाही, नाही," दादा घाईने म्हणाले. "हे नुसतं थंडीचं होतं."

थोडा वेळ गेला.

"आई."

"काय गं?" वहिनी म्हणाल्या.

"किमची आहे का? आजीचं सगळं अळणी आहे."

श्राद्धाच्या मेजाजवळ लाल किमची! सव्वीस पिढ्या वर कुठेतरी ताठ बसल्या असतील. आम्ही तिघं दादांकडे बघत होतो आणि दादा समोर बघत होते, घराण्याच्या थोरल्या शाखेचे थोरले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, निर्णयाच्या गंभीर मुद्रेत.

वहिनी त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा उठता का? तुम्ही किमचीवर बसलाय."